पुजारी नसलेला देव

हुबळी-धारवाडकडून कोल्हापूरला जाणाऱ्या आमच्या मंडळींची पावले प्रथम महालक्ष्मीच्या देवळाकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. दर्शन झाले, ओटी भरली, प्रसाद घेतला, की रंकाळ्यावर घटकाभर बसावे आणि परतीची वाट धरावी, असा बहुतेकांचा क्रम असतो. याच शहरात भाऊसिंगजी रस्त्यावर टाऊन हॉलची जुनी दगडी इमारत आहे. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याप्रमाणे १८७२ ते १८७६ या काळात ती उभी राहिली. आज तिच्यात एक लहानसे वस्तुसंग्रहालय नांदत आहे. देवळातून निघून तेथवर जाण्याची तसदी फार थोडे यात्रेकरू घेतात. त्यामुळे त्या शहरात महालक्ष्मीखेरीज आणखी एका देवतेची मूर्ती आहे, जिला ना आरती आहे ना नैवेद्य, ही गोष्ट आमच्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते.

ती मूर्ती आहे पोसायडनची. ग्रीकांचा हा समुद्रदेव. रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणत. आमच्या परिभाषेत बोलायचे तर तो वरुणाच्या अधिकाराचा देव. ब्राँझची ही मूर्ती वीतभराहूनही लहान आहे. दाढी राखलेला, विवस्त्र, बांधेसूद पुरुष उभा आहे. त्रिशूळ पेलण्यासाठी हात वर आहे, परंतु त्रिशूळ केव्हाच नाहीसा झाला आहे. इतकी लहान वस्तू, पण तिच्यापुढे उभे राहिले असता मनात जो प्रश्न उठतो तो लहान नाही. हा देव आहे की नुसती वस्तू आहे? देव असेल तर त्याच्यापुढे हात का जोडले जात नाहीत? आणि वस्तू असेल तर तिच्यापुढे पादत्राणांचा आवाजही आपण नकळत का कमी करतो?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी हा पाहुणा समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्री ओलांडून, पंचगंगेच्या काठी आला कसा, हे पाहिले पाहिजे. कोल्हापूरच्या पश्चिमेस नदीकाठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४४ साली तेथे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांच्या देखरेखीखाली खोदकाम झाले आणि ब्राँझच्या वस्तूंचा एक मोठा संचय हाती लागला. कुंदणगार हे राजाराम कॉलेजातील कन्नडचे व्यासंगी अध्यापक होते. उत्तर कर्नाटक व कोल्हापूर संस्थान येथील कन्नड शिलालेखांचे संपादन त्यांनी केले होते, आणि पुढे १९६१ साली गदग येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. कन्नडचा एक अध्यापक, मराठी संस्थानाची राजधानी, आणि मातीतून वर आलेला ग्रीक देव, असा हा योग आहे. त्यानंतर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले व त्याचा वृत्तान्त १९५२ साली प्रसिद्ध झाला. वरच्या थरांत बहमनीकालीन वसाहत आणि खाली सातवाहनकालीन विटांची घरे, असे त्या टेकडीचे पोट आहे.

त्या संचयात पोसायडन एकटा नव्हता. पर्सियस आणि अँड्रोमेडा या ग्रीक कथेतील जोडीचे उठावचित्र असलेली एक चकती होती, परदेशी घडणीची भांडी होती. आणि त्यांच्याच शेजारी अस्सल भारतीय घडणीच्या वस्तूही होत्या. हत्तीच्या पाठीवर बसलेल्या माणसांचा एक लहानगा, पण सजीव वाटावा असा समूह त्यांत आहे. रिचर्ड डी प्यूमा या अभ्यासकाने १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात या वस्तूंची बारकाईने छाननी करून, त्यांतील मोजक्याच वस्तू रोमन साम्राज्यातून आलेल्या असून बाकीच्या इकडच्याच आहेत, असा निर्वाळा दिला. म्हणजे देशी आणि परदेशी वस्तू एकाच घरात, एकाच ठेव्यात, शेजारी शेजारी नांदत होत्या.

त्या काळाचा व्यापार ज्यांनी थोडाबहुत वाचला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याण आणि चौल या बंदरांचा उल्लेख आहे. पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून गाड्यांवर लादून माल भडोचला जात असे, हेही तीत नमूद आहे. टॉलेमीच्या भूगोलात आमच्या शेजारचे बनवासी येते. त्याच ग्रंथात बलेओकूरॉस नावाच्या राजाची राजधानी हिप्पोकूरा सांगितली आहे, आणि कोल्हापुरात सापडलेल्या नाण्यांवरील विळिवायकुर हे नाव पाहून डॉ. रा. गो. भांडारकरांनी त्या राजाचा संबंध या भागाशी जोडला. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने तर दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स इतके धन हिंदुस्थान ओढून नेतो अशी कुरकुर केली आहे.

आम्ही वकिलीच्या धंद्यातले. आम्हांला या सर्व पुराव्यांत व्हिएन्ना येथील ग्रंथालयात असलेला दुसऱ्या शतकातील एक पपायरस अधिक मोह घालतो. तो आहे एक कर्जरोखा. केरळातील मुचिरी बंदराशी चाललेल्या व्यापारासाठी घेतलेल्या कर्जाच्या अटी त्यात आहेत: माल तांबड्या समुद्रावरून उंटांवर न्यायचा, मग नाईल नदीतून अलेक्झांड्रियास पोचवायचा, तेथे सरकारी वखारीत मोहोरबंद ठेवायचा, चौथाई जकात द्यायची, आणि कर्ज न फिटल्यास सावकाराने त्या मालावर ताबा घ्यायचा. पाठीमागे हर्मापोलॉन नावाच्या जहाजावरील मालाची यादी व किंमत आहे. आजही कोणत्याही कोर्टात वाचता येईल असा तो दस्तऐवज आहे. साम्राज्ये गेली, देव गेले. तारणाची अट मात्र जशीच्या तशी राहिली!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ब्रह्मपुरीच्या त्या घरात हा पोसायडन कोण म्हणून राहत होता? तीन शक्यता संभवतात. पहिली ही, की एखाद्या यवन व्यापाऱ्याने तो आपला देव म्हणून आणला असावा. समुद्र ओलांडून येणाऱ्याने समुद्रदेवाला सोबत घ्यावे यात अस्वाभाविक असे काही नाही. यवन लोक या देशात नुसते येत-जात नव्हते, ते येथे रमतही होते. कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने कोरलेली आहेत, जुन्नरलाही यवन दात्यांचे लेख आहेत. दुसरी शक्यता ही, की एखाद्या हौशी नागरिकाने परदेशची सुबक वस्तू म्हणून ती विकत घेतली असावी, जसे आमच्या वाडवडिलांच्या दिवाणखान्यांत विलायती घड्याळ असे. तिसरी शक्यता सर्वांत रूक्ष आहे: भडोच बंदरात परदेशी तांबे, कथील, शिसे उतरत असे हे पेरिप्लसनेच सांगितले आहे, तेव्हा एखाद्या तांबटाने मोडीच्या भावाने घेतलेल्या मालात हा देवही आला असावा आणि वितळण्याची वाट पाहत पडला असावा.

एकच मूर्ती, परंतु एकासाठी देव, दुसऱ्यासाठी शोभा, तिसऱ्यासाठी शेर-अर्धा शेर धातू. तिघांपैकी कोणीही मूर्तीत काही भर घातली नाही की तिच्यातून काही काढून घेतले नाही. भेद सगळा पाहणाऱ्याच्या संबंधात आहे.

हा अनुभव एकट्या पोसायडनचा नाही. १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले, त्याअर्थी मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोचली होती. तिला कोणी लक्ष्मी म्हटले आणि ते नाव रूढ झाले. पुढे अभ्यासकांनी ती यक्षी असावी, आणि एखाद्या आसनाचा वा आरशाचा भाग असावी, असे मत मांडले. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळाली. तेथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर वेचून गोळा केलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे, आणि ज्यांना कोल्हापूरचे पाहून जिज्ञासा वाढेल त्यांनी ते अवश्य पाहावे. म्हणजे तिकडच्यांनी आमच्या शोभेच्या पुतळीला देवी मानले, आणि इकडे त्यांचा देव बहुधा शोभेची पुतळी झाला. रोमन लोकांचीही गोष्ट तीच. ऑस्टिया या रोमच्या बंदरात दुसऱ्या शतकातील एक स्नानगृह आहे. तेथील फरशीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांच्या जडावकामात नेपच्यून आपल्या समुद्राश्वांचा रथ हाकताना दाखविला आहे. ज्याच्या नावे बळी दिले जात त्याच देवाच्या चित्राला स्नानगृहात पायांखाली जागा होती, आणि त्यात कोणाला पाखंड वाटले नाही.

आमच्या घरांतही असा पालट झालेला आहे. अक्की-आलूर हे गाव पूर्वी धारवाड जिल्ह्यात होते, १९९७ पासून ते हावेरी जिल्ह्यात मोडते. तेथे पाचव्या-सहाव्या शतकांतील रोमन सम्राटांची सुवर्णनाणी जमिनीत मिळाली. दक्षिणेत मिळणाऱ्या अशा कित्येक नाण्यांना वर भोके पाडलेली आढळतात. सम्राटाचा मुखवटा येथे दागिना होऊन कोणाच्या तरी गळ्यात रुळत होता. आणि आपल्या आजी-पणजींच्या पुतळ्यांच्या माळेचे मूळ शोधू गेले तर ते व्हेनिसच्या डुकाट नावाच्या नाण्याशी पोचते. त्या नाण्यावर होता एक ख्रिस्ती संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तेथील अधिपती. मंगळागौरीला पुतळ्यांची माळ घालणाऱ्या कोणत्या सुवासिनीने त्या संताची चौकशी केली होती?

येथवर विचार केला म्हणजे वाटू लागते, की देवपण हे सर्वस्वी पाहणाऱ्याच्या मनाचे खेळ आहेत, आणि मग पोसायडनपुढे हळू चालण्याचेही कारण उरत नाही. परंतु हे अनुमान घाईचे आहे. आमच्या धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार अधिक काटेकोरपणे केलेला आहे.

महामहोपाध्याय पां. वा. काणे हे स्वतः वकील. धर्मशास्त्राच्या आपल्या इतिहासात त्यांनी पुनःप्रतिष्ठेचा विषय चर्चिला आहे. मूर्तीतून देवता केव्हा निघून जाते, याचे दहा प्रसंग शास्त्रकारांनी मोजले आहेत. मूर्ती भंगली, जळाली, पीठावरून ढळली, तिची विटंबना झाली, असे ते प्रसंग आहेत. आणि त्यांतच एक असा, की तिची पूजा बंद पडली. हा शेवटचा प्रसंग आम्हांला फार मोलाचा वाटतो. दगड तोच, रूप तेच, पीठही तेच. केवळ पूजा खंडित झाली, की देवता तेथे राहत नाही असे शास्त्र म्हणते. म्हणजे देवता धातूला चिकटलेली नाही. आवाहनाने ती येते, सेवेने राहते, उपेक्षेने जाते. आमचे प्रतिपक्षी आम्हांला दगडाचे पूजक म्हणून हिणवीत आले, त्यांना याहून स्वच्छ उत्तर कोणते द्यायचे?

या नियमाने पोसायडनचा निकाल सरळ लागतो. ज्यांनी त्याला हाक मारली ते गेले. चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोशियसने जुन्या देवांच्या पूजेवर कायद्याने बंदी घातली, आणि त्याच्या मूळ भूमीतही त्याचे पुजारी उरले नाहीत. तेव्हा संग्रहालयातील मूर्तीपुढे आपण हात जोडले नाहीत तर आपल्याला दोष लागत नाही. तेथे देवता नाही.

पण म्हणून तेथे काहीच नाही, असे मात्र ठरत नाही. ज्या घरातून माणसे निघून गेली ते घर आणि जेथे कधीच कोणी राहिले नाही ती जागा, यांत फरक असतो. पहिल्या जागी तुळशीवृंदावन असते, उंबऱ्यावरचे दगड झिजलेले असतात. मूर्तीतून देवता गेली तरी तिला कोणी तरी देव मानले होते ही घटना जात नाही. आमचे कर्तव्य आहे ते या घटनेशी.

या कर्तव्याला नाव काय द्यावे? आम्ही स्मृतींतील एक जुना शब्द सुचवितो: निक्षेप, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविलेली ठेव. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणादानानंतर लगेच निक्षेप येतो, आणि त्याच्या पाठोपाठ येतो अस्वामिविक्रय, म्हणजे मालक नसताना केलेली विक्री. हा क्रम अर्थपूर्ण आहे. ठेव सांभाळता आली नाही की माणूस ती विकायला निघतो. ठेवीचे नियम थोडे आणि सोपे आहेत. ती वापरायची नाही. स्वतःच्या वस्तूंइतक्याच काळजीने राखायची. जशी घेतली तशी द्यायची. चोराने नेली, पुरात गेली, आगीत जळाली, आणि राखणाऱ्याचा दोष नसेल, तर त्याच्यावर दायित्व नाही. परंतु आपल्या वस्तू वाचवून ठेव तेवढी नष्ट होऊ दिली तर मात्र ती भरून द्यावी लागते.

यावर कोणी विचारील, की ठेव ठेवणारा मेला, त्याचा वारस नाही, परत मागणारा जगात कोणी नाही. मग कर्तव्य कोणाशी? धातूला तर सुखदुःख नाही. आक्षेप रास्त आहे. पण रोजच्या व्यवहारात आम्ही मृतांशी असलेली कर्तव्ये पाळतोच. मृत्युपत्र करणारा गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे वाटणी झाली काय किंवा न झाली काय, त्याला काहीच जाणवणार नाही. तरीही न्यायालय ती इच्छा अमलात आणते, आणि त्यात कसूर करणाऱ्याला समाज विश्वासघातकी म्हणतो. मेलेल्या माणसाचा शब्द पाळला जातो या भरवशावरच जिवंत माणसे शब्द देतात. मूर्तीचेही तसेच आहे. लोप पावलेल्या श्रद्धेची चिन्हे जो समाज जपतो, त्याच्यातच आपल्या श्रद्धेची चिन्हे उद्या जपली जातील अशी आशा कोणाला बाळगता येते.

कायद्याचा अनुभव याला पोषक आहे. हिंदू कायद्यात देवता ही न्यायिक व्यक्ती मानली जाते. तिला मालमत्ता धारण करता येते, दावा करता येतो. १९२५ साली प्रमथनाथ मलिक यांच्या खटल्यात, कुलदेवतेची मूर्ती एका जागेवरून दुसरीकडे नेण्याचा वाद असता, मूर्ती ही नुसती जंगम वस्तू नव्हे आणि तिच्या इच्छेचाही विचार केला पाहिजे, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरविले. न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी आपल्या व्याख्यानग्रंथात हे स्पष्ट केले आहे, की मूर्ती नष्ट झाली म्हणून धर्मादाय नष्ट होत नाही. दात्याचा संकल्प टिकून राहतो. धर्मशास्त्र म्हणते देवता गेली. कायदा म्हणतो संकल्प राहिला. वरवर विसंगत दिसणारी ही दोन वचने पोसायडनच्या बाबतीत आम्हांला पूरक वाटतात. पूजा नाही म्हणून देवता नाही. परंतु जो संकल्प त्या मूर्तीत एकदा उतरला तो पुसला गेलेला नाही.

तमिळनाडूतील पत्तूर येथील नटराजाची हकीकत या संदर्भात आठवते. १९७६ साली एका मजुराला ती मूर्ती जमिनीत मिळाली. ती हातोहात विकली जाऊन लंडनला पोचली, आणि एका कॅनेडियन कंपनीने ती विकत घेतली. पोलिसांनी तिचा ताबा घेतला व दावा उभा राहिला. पत्तूरचे देऊळ तेव्हा भग्नावस्थेत होते. तेथे नित्यपूजेचा मागमूस नव्हता. तरीही त्या देवळाला न्यायिक व्यक्ती म्हणून इंग्लंडच्या न्यायालयात उभे राहता येते, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने १९९१ साली दिला आणि नटराज परत आला. या विजयाचा अभिमान आम्हां सर्वांना आहे. परंतु अभिमानाबरोबर एक जोखीमही येते. परक्या देशाने आमच्या पडक्या देवळाची, बंद पडलेल्या पूजेची बूज राखावी असे आम्ही मागतो, तेव्हा आमच्या मातीत निघालेल्या परक्या देवाची बूज आम्ही राखतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार जगाला मिळतो.

येथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक कडवट आहे. ज्यांच्या वारसांनीच आपले देव टाकून दिले, त्यांच्यासाठी आम्ही का झिजावे? उत्तर आमच्या मंडळींच्या इतिहासात आहे. सोळाव्या शतकात साष्टी प्रांतावर संकट आले तेव्हा १५६० साली कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला नेला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे सरसहा पाडली गेली. आज आपण ज्या देवतांच्या पालखीला खांदा देतो त्या कोणी तरी जिवावर उदार होऊन नदीपार आणल्या म्हणून उरल्या. पण ज्या आणता आल्या नाहीत त्यांचे काय? गोव्याच्या मातीतून मिळालेल्या मूर्ती आणि वीरगळ आज जुने गोवे येथे, सेंट फ्रान्सिसच्या जुन्या मठातील पुरातत्त्व संग्रहालयात उभ्या आहेत. त्यांचे पूजक परागंदा झाले की धर्मांतरित झाले की मारले गेले, हे मूर्ती सांगत नाहीत. पूजा बंद पडणे म्हणजे पूजकांनी देव टाकणे नव्हे, हे आपल्याला इतरांपेक्षा अधिक समजावे. पोसायडनच्या पूजकांना तरी राजाज्ञेपुढे पर्याय होता काय?

संग्रहालय म्हणजे देवाची विटंबना, असे आमच्यांतील काही वृद्ध सात्त्विक भावनेने म्हणतात. तेही थोडे तपासून पाहिले पाहिजे. शेबाईत किंवा विश्वस्त हा देवाच्या मालमत्तेचा मालक नसतो, सांभाळणारा असतो. अज्ञान वारसाच्या पालकाप्रमाणे त्याने वागावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. चांगले संग्रहालय हे पूजेवाचूनचे शेबाईतपण आहे. ते गंध लावीत नाही, पण गंज चढू देत नाही. नैवेद्य दाखवीत नाही, पण मूर्ती कोठली, कोणाची, कोणत्या थरात मिळाली हे खरे खरे लिहून ठेवते. आणि विसरलेल्या देवाचे नाव खरे लिहिणे हीही एक सेवाच आहे. जिवंत पूजेतील मूर्ती उचलून काचेआड ठेवली तर ती विटंबना होय यात शंका नाही. पण जिची पूजा आधीच थांबली आहे तिला काचेआड मिळालेला आश्रय ही विटंबना नव्हे. तांबटाची मूस टळली, एवढे तरी तिने पदरी पाडून घेतले आहे.

आता हा सगळा विचार आमच्या देवळांच्या दारात आणून सोडणे भाग आहे, कारण तेथे तो सर्वांत निकडीचा आहे. गेल्या दोन पिढ्यांत आमच्या बहुतेक देवस्थानांचे जीर्णोद्धार झाले. संगमरवर आला, गुळगुळीत फरशी आली. ही भक्तीची लक्षणे आहेत. त्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. भंगलेल्या मूर्तीचे जलात विसर्जन करावे, असा शास्त्राचा आदेश आहे आणि जेथे शास्त्राची आज्ञा आहे तेथे आमचे म्हणणे नाही. परंतु झिजलेल्या समया, पोचे आलेली उपकरणी, जुन्या प्रभावळी, कोरीव लाकडी खांब, दात्याचे नाव कोरलेली घंटा यांचे काय होते? त्यांच्या विसर्जनाची आज्ञा कोणी दिलेली नाही. त्या वजनावर विकल्या जातात. ज्या घंटेवर कोण्या विधवेने नवऱ्याच्या स्मरणार्थ दोन ओळी कोरून घेतल्या, ती मोडीत जाते आणि तिच्या पैशांतून विजेचे नगारे येतात. हा अस्वामिविक्रय नव्हे तर काय? विश्वस्त मंडळाचा ठराव असला म्हणून विश्वस्त मालक होत नाहीत.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, शिल्पे, नाणी इत्यादी वस्तू परदेशी नेण्यास खाजगी व्यक्तीला मनाई केली. पायाखोदाईत काही लागले तर ते झाकून टाकण्याची किंवा परस्पर वाटून घेण्याची जी रीत आहे, ती पापभीरू माणसांनीही कायद्याच्या अज्ञानाने चालविलेली असते.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक देवस्थानाने आपल्या जुन्या वस्तूंची एक नोंदवही करावी: वस्तू कोणती, कोणी दिली, तिच्यावर काय कोरले आहे. ज्या वापरात राहणार नाहीत त्यांच्यासाठी एक खोली, निदान एक कपाट राखावे. मूस शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे. याला फार पैसा लागत नाही; ही ठेव आहे, आपली मिळकत नव्हे, एवढी जाणीव लागते.

ब्रह्मपुरीच्या त्या घरमालकाचे नाव कोणाला ठाऊक नाही. तो यवन होता की इकडचा, भाविक होता की तांबट, हे ठरविण्यास साधन नाही. त्याने एवढेच केले, की परका देव, परकी भांडी आणि देशी हत्ती एकत्र बांधून नीट ठेवले, वितळले नाहीत. अठरा शतकांनंतर एका कन्नड अध्यापकाच्या देखरेखीखाली ते मराठी मातीतून वर आले आणि ग्रीक नावाने पुन्हा ओळखले गेले. आज आपल्या देवळाच्या कोठीघरातील समई कोणाच्या हाती, कोणत्या भाषेत, कोणत्या श्रद्धेच्या माणसाच्या हाती जाईल हे आपल्याला कळणे शक्य नाही. तिच्यावरचे नाव त्याला वाचता यावे, इतकी ती शाबूत ठेवणे मात्र आपल्या हातात आहे.